हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग : उपचार इतके दीर्घ का?



रुग्णालयाच्या अहवालातील आकडे बारकाईने वाचणाऱ्या वाचकांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. वैद्यकीय विभागातील बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होऊन घरी जातात. मग मोजके रुग्ण सलग सहा-सहा आठवडे खाटेवर का असतात? त्यांतील कित्येकजण तर व्हरांड्यात फेऱ्या मारताना, वर्तमानपत्र वाचताना दिसतात. हाच प्रश्न त्या रुग्णांचे नातेवाईक अधिक कळकळीने आम्हांस विचारतात : ताप उतरला, जेवण जाऊ लागले, आता गोळ्या लिहून द्या आणि आम्हांला घरी सोडा.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते समजून घेतले, तर रुग्णालयाचे काही आकडे वेगळ्या दृष्टीने वाचता येतील आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या घरातला कर्ता माणूस अर्धवट उपचारांमुळे गमावला जाणार नाही. म्हणून या लेखात आम्ही हृदयाच्या झडपेस होणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूच्या संसर्गाची आणि त्यावरील प्रतिजैविक उपचारांची माहिती, आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून, सोप्या शब्दांत देत आहोत.

आजाराचे स्वरूप

आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ देणे आणि मागे येऊ न देणे, एवढेच त्यांचे काम. परंतु ते अहोरात्र, दिवसाला सुमारे एक लाख वेळा चालते. या झडपांच्या पातळ पडद्यांवर जंतूंनी ठाण मांडले की त्या आजारास वैद्यकीय भाषेत 'इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस' म्हणतात. संधिवाताच्या तापाने पूर्वी खराब झालेली झडप, जन्मजात दोष असलेली झडप किंवा शस्त्रक्रियेने बसविलेली कृत्रिम झडप यांना हा धोका अधिक असतो. तथापि, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू धडधाकट झडपेवरही हल्ला करू शकतो, आणि म्हणूनच तो विशेष भयंकर मानला जातो.

हा जंतू काही परका नव्हे. पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर तो निमूटपणे राहतो. स्कॉटलंडमधील अॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८२ साली त्याला हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो, म्हणून ग्रीक भाषेतील द्राक्षाच्या घोसाचा शब्द त्यांनी नावात घेतला. चिघळलेले गळू, मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम, डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी, शिरेत फार दिवस राहिलेली सुई अशा कोणत्याही वाटेने तो रक्तात शिरू शकतो. एकदा रक्तात गेला की झडपेला चिकटण्याची त्याची हातोटी विलक्षण आहे.

झडपेवर चिकटलेल्या जंतूंभोवती रक्तातील तंतू आणि रक्तबिंबिका जमत जातात आणि एक मऊ पुंजका तयार होतो. झडप हलते तसा तो पुंजकाही हलतो. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. मूत्रपिंड, प्लीहा, हातपाय येथे गेला तर तेथील रक्तपुरवठा बंद पडतो. दरम्यान, जंतू झडप कुरतडत असतात. ती फाटली की हृदय थकते आणि रुग्णाला धाप लागते. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी हा आजार झालेला रुग्ण जवळजवळ निश्चितपणे दगावत असे. आजही, उत्तम उपचार मिळूनसुद्धा, स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे झडप बिघडलेल्या पाच रुग्णांपैकी किमान एक रुग्ण वाचत नाही. हा आकडा घाबरविण्यासाठी सांगत नसून उर्वरित रुग्ण कशामुळे वाचतात हे सांगण्यासाठी देत आहोत.

ताप उतरला म्हणजे जंतू गेले असे नव्हे

न्यूमोनियात किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गात पाच-सात दिवसांचे औषध पुष्कळदा पुरते. झडपेच्या संसर्गात मात्र आठवडे का लागतात, याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण जागेचे. शरीरात इतरत्र जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतून तेथे पोहोचतात आणि औषधाच्या जोडीने जंतूंचा नाश करतात. झडपेच्या पातळ पडद्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात आणि पुंजक्याच्या आत तर पांढऱ्या पेशींचा शिरकावच होत नाही. त्यामुळे लढाईचा सारा भार एकट्या औषधावर पडतो.

दुसरे कारण संख्येचे. पुंजक्याच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू दाटीवाटीने असतात. औषध बाहेरून आत थराथराने झिरपते. रक्तात त्याचे प्रमाण सतत उंच ठेवले तरच गाभ्यापर्यंत पुरेसे औषध पोहोचते. म्हणून मात्रा मोठी, ठरलेल्या तासाला आणि थेट शिरेतून द्यावी लागते.

तिसरे कारण जंतूंच्या स्वभावाचे. गाभ्यातील जंतू जवळपास निद्रिस्त असतात. झडपेवर वापरली जाणारी प्रमुख औषधे जंतूंच्या भिंतीची बांधणी बिघडवून त्यांना मारतात; ज्या जंतूची वाढच थांबली आहे, त्याची भिंत बांधली जात नाही आणि म्हणून तो औषधाच्या तडाख्यातून निसटतो. असे जंतू हळूहळू जागे होतात आणि तेव्हाच मारले जातात. औषध मध्येच थांबले, तर शिल्लक राहिलेले जंतू पुन्हा वाढीस लागतात.

योग्य औषध सुरू झाल्यावर रक्तात फिरणारे जंतू साधारणतः पहिल्या काही दिवसांत नाहीसे होतात आणि बहुधा आठवडाभरात ताप उतरतो. रुग्णाला बरे वाटते ते येथे. पण तेव्हा रक्त स्वच्छ झालेले असते, झडप नव्हे. कुटुंबीयांचा आग्रह आणि डॉक्टरांचा नकार यांतील सारे अंतर या एका वाक्यात आहे.

अपुऱ्या औषधाची एक ऐतिहासिक साक्ष

औषध गुणकारी असूनही पुरेसे दिवस न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण प्रतिजैविकांच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे. लंडनमधील सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, तो स्टॅफिलोकॉकस वाढविलेल्या एका काचेच्या बशीतच. पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते औषधाच्या रूपात आणले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास ते देण्यात आले. चेहऱ्यावरून पसरलेल्या संसर्गाने त्याचा एक डोळा काढावा लागला होता. दुसऱ्याच दिवशी त्याची प्रकृती सुधारू लागली, ताप उतरला, भूक परतली. परंतु जगात त्या वेळी पेनिसिलिन होतेच किती? रुग्णाच्या मूत्रातून ते पुन्हा वेगळे काढून त्यालाच देण्यापर्यंत शास्त्रज्ञांनी प्रयत्न केले. सुमारे पाच दिवसांत साठा संपला, संसर्ग उलटला आणि १५ मार्च १९४१ रोजी त्याचा मृत्यू झाला.

त्याचा आजार झडपेचा नव्हता; पण तात्पर्य तेच. औषध अचूक होते, कमी पडले ते दिवस. त्या काळी औषधच नव्हते म्हणून उपचार थांबले. पुढे आपल्या देशातही पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि पेनिसिलिन सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आले. आज औषध उपलब्ध असताना उपचार अर्ध्यावर थांबतात, ते बहुतांशी पैशाअभावी, मजुरी बुडते म्हणून किंवा 'आता बरे वाटते' या समजुतीने.

औषध कसे ठरते

औषध सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या जागी टोचून रक्ताचे किमान तीन नमुने कल्चरसाठी घेतले जातात. 'एवढे रक्त का काढता?' अशी तक्रार यावर पुष्कळदा होते. या बाटल्यांत जंतू वाढला तरच तो कोणता आणि त्यावर कोणते औषध चालते, हे कळते. येथेच एक अडचण वारंवार येते. ताप आला की दुकानातून दोन-चार दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या आणून घेण्याची सवय आपल्याकडे रूढ आहे. त्या गोळ्यांनी झडपेवरील जंतू मरत नाहीत. मात्र कल्चरच्या बाटलीत ते वाढतही नाहीत. परिणामी डॉक्टरांना अंदाजाने, अधिक व्यापक, अधिक महाग आणि मूत्रपिंडास अधिक जाचक अशी औषधे वापरावी लागतात.

कल्चरमधील जंतू साध्या औषधांना दाद देणारा निघाला, तर क्लॉक्सासिलिन गटातील औषध किंवा सेफॅझोलिन दिले जाते. ही औषधे जुनी व तुलनेने स्वस्त आहेत. पण जुनी म्हणजे दुबळी नव्हेत. अशा जंतूवर ती महागड्या व्हॅन्कोमायसिनपेक्षा अधिक परिणामकारक ठरतात. 'आमच्या रुग्णाला भारी औषध द्या' असे नातेवाईक प्रेमापोटी म्हणतात. या आजारात भारी औषध ते, जे कल्चरच्या अहवालाशी जुळते.

जंतू मेथिसिलिन या औषधास न जुमानणारा, म्हणजे 'एमआरएसए' असेल, तर व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन वापरावे लागते. मेथिसिलिन १९६० च्या सुमारास वापरात आले आणि १९६१ सालीच त्यास न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये नोंदले गेले. जंतू किती लवकर धडा शिकतो याचा हा पुरावा होय. व्हॅन्कोमायसिन १९५८ पासून वापरात आहे. ते सलाईनमधून सावकाश, तासभर किंवा अधिक वेळ सोडावे लागते आणि त्याचे रक्तातील प्रमाण मोजत राहावे लागते. कमी पडले तर जंतू वाचतो, अधिक झाले तर मूत्रपिंडास इजा पोहोचते.

पूर्वी जोडीला जेंटामायसिन देण्याचा प्रघात होता. नैसर्गिक झडपेच्या स्टॅफिलोकॉकस संसर्गात त्याचा लाभ सिद्ध झाला नाही आणि मूत्रपिंडाची हानी मात्र दिसून आली. म्हणून तो प्रघात मागे पडला आहे. कृत्रिम झडपेस संसर्ग झाल्यास रिफॅम्पिसिन व जेंटामायसिन यांची जोड आजही दिली जाते, कारण कृत्रिम पृष्ठभागावरील जंतूंचा थर एका औषधाने सुटत नाही.

४२ दिवसांत खाटेवर काय घडते

हृदयाच्या डाव्या बाजूच्या नैसर्गिक झडपेस साधारणतः ४ ते ६ आठवडे आणि कृत्रिम झडपेस किमान ६ आठवडे औषध द्यावे लागते. उजव्या बाजूच्या काही साध्या प्रकारांत हा काळ कमी असू शकतो. येथे एक बाब कुटुंबीयांनी लक्षात घ्यावी. दिवसांची मोजणी दाखल झाल्याच्या तारखेपासून होत नाही. ज्या दिवशीचे रक्ताचे कल्चर प्रथम निर्जंतुक येते, त्या दिवसापासून होते. यासाठी एक-दोन दिवसांच्या अंतराने कल्चर पुन्हा पुन्हा केले जाते.

सेफॅझोलिन दर ८ तासांनी द्यावयाचे असल्यास ४२ दिवसांत १२६ इंजेक्शने होतात. क्लॉक्सासिलिन दर ४ तासांनी द्यावयाचे असल्यास २५२ होतात. त्यांतील कित्येक मध्यरात्री व पहाटे असतात. प्रत्येक वेळी परिचारिकेने हात धुणे, सुईची जागा सुजली का हे पाहणे, औषध योग्य गतीने सोडणे आणि नोंद करणे, हे सारे आलेच. शिवाय ठरावीक अंतराने हृदयाचा इको, गरजेप्रमाणे अन्ननलिकेतून करावयाचा इको, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि ईसीजी होत राहतात. पुंजक्याचा तुकडा सुटण्याचा धोका उपचारांच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. त्या काळात रुग्ण 'नुसता पडून' असल्यासारखा वाटला, तरी त्याच्यावर सतत लक्ष असते.

औषध सर्वांनाच पुरेसे ठरत नाही. झडप फाटून हृदय थकू लागले, झडपेच्या मुळाशी पू झाला, कल्चर निर्जंतुक होईना अथवा मोठ्या पुंजक्याचे तुकडे सुटू लागले, तर शस्त्रक्रिया करावी लागते. या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांवर ती वेळ येते. शस्त्रक्रिया झाली म्हणजे इंजेक्शने संपली, असेही नाही. काढलेल्या झडपेच्या कल्चरमध्ये जंतू वाढले, तर औषधाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

गोळ्या देऊन घरी का पाठवीत नाही?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि वैद्यकशास्त्रानेही तो विचारला आहे. डेन्मार्कमध्ये डाव्या बाजूच्या झडपेचा संसर्ग झालेल्या ४०० स्थिर रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. किमान १० दिवस शिरेतून औषध दिल्यानंतर निम्म्या रुग्णांना गोळ्यांवर आणण्यात आले आणि त्यांची प्रगती इतरांपेक्षा कमी ठरली नाही. ही बातमी आशादायक आहे व २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही तिला स्थान मिळाले आहे.

मात्र अटी नीट वाचल्या पाहिजेत. त्या रुग्णांना एक नव्हे, दोन-दोन प्रतिजैविके एकाच वेळी दिली होती. गोळ्या सुरू करण्यापूर्वी अन्ननलिकेतून इको करून पू नसल्याची खात्री केली होती. घरी गेलेले रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा तपासणीस येत होते. आणि एमआरएसएचा एकही रुग्ण त्या अभ्यासात नव्हता. जो रुग्ण या अटींत बसतो, रुग्णालयापासून जवळ राहतो आणि नियमाने येऊ शकतो, त्याच्याबाबत डॉक्टर हा पर्याय विचारात घेऊ शकतात. दोन एस.टी. बदलून येणाऱ्या, पेरणीच्या दिवसांत तपासणी चुकण्याची शक्यता असलेल्या रुग्णास केवळ खाट रिकामी व्हावी म्हणून गोळ्या देऊन पाठविणे, हे त्या अभ्यासाचे अनुकरण ठरणार नाही.

खर्चाचा हिशेब

आता जमाखर्चाकडे वळू. एका रुग्णाच्या ४२ दिवसांत त्याच खाटेवर चार-चार दिवस राहणारे दहा रुग्ण बरे होऊन जाऊ शकतात. म्हणजेच झडपेचा एक रुग्ण नीट बरा केला की आमचा 'सरासरी वास्तव्याचा' आकडा वाढतो आणि खाटांच्या वापराचा तक्ता फिका दिसतो. कोणत्याही व्यवहारी व्यवस्थापनास हा तोट्याचा सौदा वाटेल. पण अर्धवट सोडलेला रुग्ण पुन्हा येतो, तो फाटलेली झडप, थकलेले हृदय किंवा पक्षाघात घेऊन. तेव्हा खर्च अनेक पटींनी वाढलेला असतो आणि कधी कधी खर्च करण्याची संधीही उरलेली नसते. तक्त्यात न दिसणारी ही बाजू विश्वस्तांनी व देणगीदारांनी ध्यानी घ्यावी.

या खर्चात जुन्या औषधांची किंमत हा लहान भाग आहे. मोठा भाग खाट, शुश्रूषा, तपासण्या आणि दिवस यांचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने अमलात आलेल्या योजनेनुसार आमच्यासारखी धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. या निधीवर अनेकांचा हक्क असतो आणि दीर्घ उपचारांचा एकेक रुग्ण त्यातील मोठा वाटा घेतो. निधी आणि गरज यांतील अंतर भरून निघते ते देणगीतून. इमारतीवर नाव कोरता येते, शीतकपाटासारख्या यंत्रावर पाटी लावता येते. 'बत्तिसाव्या दिवसाचे पहाटेचे इंजेक्शन' यावर मात्र कोणाचे नाव लागत नाही. तरीही या आजारात जीव वाचतो तो त्या बत्तिसाव्या दिवसामुळेच.

आमची नम्र विनंती

रुग्णांच्या कुटुंबीयांस : ज्यांच्या झडपेस दोष आहे किंवा कृत्रिम झडप बसविली आहे, त्यांना कारण न समजता ताप आल्यास परस्पर गोळ्या देऊ नका; आधी रक्ताचे कल्चर होऊ द्या. गळू, पायाची जखम, दातांचे दुखणे अंगावर काढू नका. खर्चाची वा मजुरीची अडचण असेल, तर स्वेच्छेने डिस्चार्ज मागण्यापूर्वी समाजसेवा विभागात या. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला पहिल्या आठवड्यातच आणून दिल्यास पुढील पाच आठवड्यांची काळजी हलकी करता येते. घरी गेल्यानंतर पुन्हा ताप आला, तर त्याच दिवशी आम्हांस कळवा.

देणगीदारांस : आपली देणगी विशिष्ट उपकरणासाठी राखून न ठेवता रुग्ण साहाय्य निधीस दिलीत, तर तिचे थेट दिवसांत रूपांतर होते.

आणि आमच्याकडे राहते ती आमची जबाबदारी. हा जंतू रुग्णालयातील सुई व नळीच्या वाटेनेही रक्तात शिरू शकतो. म्हणून शिरेतील प्रत्येक सुईची गरज रोज तपासणे, अनावश्यक नळी त्याच दिवशी काढणे आणि रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी हात निर्जंतुक करणे, हे नियम परिचारिकेपासून वरिष्ठ डॉक्टरांपर्यंत सर्वांना सारखेच लागू आहेत. हात धुतलेले नसल्यास तसे सांगण्याचा अधिकार रुग्णास व नातेवाइकांस आहे. तो त्यांनी निःसंकोच वापरावा.

 यापुढे अहवालात एखादा रुग्ण ४२ दिवस दाखल असल्याची नोंद दिसली, तर ती खाट अडल्याची नव्हे, उपचार पूर्ण झाल्याची नोंद आहे असे समजावे, ही विनंती.